राजर्षी शाहू छत्रपती : वेगळ्या शाळांना कुलूप लावणारा राजा

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक ऐतिहासिक निकाल दिला. काळ्या मुलांसाठी वेगळ्या आणि गोऱ्या मुलांसाठी वेगळ्या सरकारी शाळा ठेवणे घटनेच्या विरुद्ध आहे, असे त्या न्यायालयाने ठरविले. साऱ्या जगाने त्या निकालाचे स्वागत केले आणि ते योग्यच होते. परंतु या निकालाच्या पस्तीस वर्षे आधी, सह्याद्रीच्या कुशीतील एका लहानशा संस्थानात एका राजाने हेच काम एका हुकुमाने केले होते. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करा आणि त्यांची मुले इतर मुलांबरोबर सरकारी शाळांत दाखल करा, असा तो हुकूम होता. साल होते १९१९, संस्थान होते कोल्हापूर आणि राजे होते छत्रपती शाहू महाराज.

आपल्या घरांत बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी महात्मा फुले आणि शाहू महाराज यांच्या तसबिरी असतात. २६ जूनला वस्तीत जयंती होते, हार घातले जातात, भाषणे होतात. शाहू महाराजांनी राखीव जागा दिल्या एवढे आपल्या मुलांना पाठ असते. पण शहरात शिकायला आलेल्या मुलाला राहायला खोली कोण देणार आणि शाळेत त्याला कोठे बसविणार, हे दोन प्रश्न त्यांनी कसे सोडविले, हे फार थोड्या घरांत सांगितले जाते. नवदीक्षित कुटुंबांनी ही हकिगत मुद्दाम वाचावी, कारण हे दोन्ही प्रश्न आजही पुरते मिटलेले नाहीत.

कागलचा मुलगा

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे हे कागलचे जहागीरदार. त्यांच्या जन्माच्या आदल्याच वर्षी, १८७३ साली, जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला होता आणि त्याच वर्षी गुलामगिरी हे आपले पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केले होते. म्हणजे आपल्या देशातील जातीची गुलामगिरी आणि अमेरिकेतील रंगाची गुलामगिरी यांचे नाते महाराष्ट्राला तेव्हापासून ठाऊक आहे.

कोल्हापूरचे राजे चौथे शिवाजी यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि त्यांचे नाव शाहू ठेवले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला फ्रेझर या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी राज्यकारभार हाती घेतला.

कारभार पाहताच एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. दरबारच्या सर्वसाधारण खात्यांतील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. उरलेल्या सगळ्या प्रजेच्या वाट्याला फक्त ११ जागा. अस्पृश्यांना तर दरबारच्या दारातही जागा नव्हती. पुढे वेदोक्ताच्या प्रकरणात खुद्द राजालाच शूद्र ठरवून वेदमंत्रांचा अधिकार नाकारण्यात आला. छत्रपतीची ही गत, तर गावकुसाबाहेरच्या माणसाची काय असेल, हा विचार त्यांच्या मनात घर करून बसला. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला.

पण जागा राखून ठेवल्या तरी त्या भरायला शिकलेली माणसे हवीत. शिकलेली माणसे हवीत तर मुले शाळेत आली पाहिजेत. आणि खेड्यातले मूल शहरातल्या शाळेत यायचे तर रात्री अंग टाकायला त्याला छप्पर हवे. राखीव जागेची वाट अशी थेट वसतिगृहाच्या दाराशी येऊन पोहोचते.

खोली कोणी देईना

त्या काळच्या कोल्हापुरात शिकायला येणाऱ्या मुलाची पहिली परीक्षा शाळेत होत नसे, ती घरमालकाच्या ओट्यावर होत असे. नाव काय, गाव कोणते, जात कोणती? ब्राह्मण मुलाला आपल्या जातीच्या घरी वार लावून जेवता येई आणि माडीवर पथारी टाकता येई. शेतकऱ्याच्या मुलाला तसे घर सापडत नसे. आणि महार, मांग, चांभार, ढोर यांच्या मुलाला तर कोणी ओट्यावरही उभे करीत नसे. शाळेचे दार उघडे असले तरी राहण्याचे दार बंद, म्हणजे शाळाही बंदच.

महाराजांनी १८९६ साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह सुरू केले. त्यांचा मूळ विचार एकत्र राहण्याचाच होता, हे लक्षात घेतले पाहिजे. परंतु पाचसहा वर्षांत असे दिसून आले की त्या वसतिगृहात एकाच जातीची मुले उरली आहेत. नियमात कोणाला बंदी नव्हती, पण चालविणारे हात जुने होते आणि मनेही जुनीच होती.

त्याच वर्षी, १८९६ साली, तिकडे अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने एक वेगळाच निकाल दिला होता. लुइझियाना राज्यात होमर प्लेसी नावाचा मनुष्य गोऱ्यांच्या रेल्वे डब्यात बसला म्हणून त्याला पकडण्यात आले होते. सोयी सारख्या असतील तर काळ्यांना आणि गोऱ्यांना वेगवेगळे ठेवण्यात काही गैर नाही, असे न्यायालय म्हणाले. या एका निकालाच्या आधारावर पुढची अठ्ठावन्न वर्षे तेथे शाळा, डबे, पाण्याचे नळ, दवाखाने सारे वेगळे राहिले. सारखे मात्र ते कधीच नव्हते. चांगली इमारत गोऱ्या मुलांना आणि मोडकी काळ्यांना, हाच तेथला शिरस्ता होता.

महाराजांसमोर पेच होता. एकत्र वसतिगृह काढले तर दुबळ्या जातींची मुले त्यातून आपोआप बाहेर फेकली जातात. वेगवेगळी काढली तर जातिभेद वाढविल्याचा ठपका येतो. त्यांनी ठपका पत्करला. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले, जैनांचे निघाले, पुढे मुसलमानांचे, लिंगायतांचे, शिंप्यांचे, सोनारांचे निघाले. पाहता पाहता कोल्हापुरात वीसहून अधिक वसतिगृहे उभी राहिली. दरबाराने त्यांना जागा दिल्या, इमारती दिल्या, वर्षासने बांधून दिली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे नाव त्याला देण्यात आले, म्हणून ते मिस क्लार्क वसतिगृह म्हणून ओळखले जाऊ लागले. १९११ साली महाराजांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांची फीही माफ केली.

ही वसतिगृहे जातवार होती हे खरे. पण त्यातली मुले सकाळी उठून जात कोठे होती? ती जात होती सर्वांच्या शाळेत, सर्वांच्या कॉलेजात. छप्पर वेगळे घेतले ते वर्ग एक व्हावा म्हणून. अमेरिकेतील गोऱ्यांनी काळ्यांना वेगळे ठेवले ते त्यांना दूर राखण्यासाठी, आणि महाराजांनी अस्पृश्य मुलाला वेगळे छप्पर दिले ते त्याला जवळ आणण्यासाठी. बाहेरून दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. कोणी कोणाला वेगळे काढले आणि कशासाठी काढले, हे विचारले म्हणजे त्यांतला फरक कळतो.

जैन वसतिगृहातला एक मुलगा

तरीही जातवार वसतिगृहाने जात मरत नाही, हे एका मुलाने त्याच काळात दाखवून दिले. तो मुलगा जैन वसतिगृहात राहत होता. अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर आंघोळ करून मगच जेवणघरात ये, असे त्याला बजावण्यात आले. त्याने साफ नकार दिला. माणसांना भेटून आलेल्या माणसाने आंघोळ कशासाठी करायची? या अपराधासाठी त्याला वसतिगृहातून काढून टाकण्यात आले. महाराजांनी त्याला आपल्या आश्रयाखाली घेतले.

हा मुलगा म्हणजेच पुढचे कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात असे वसतिगृह काढले की जेथे महार, मराठा, मांग, मुसलमान, जैन सारी मुले एका छपराखाली राहत होती, एका चुलीवरचे जेवत होती आणि आळीपाळीने स्वयंपाकही करीत होती. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. ज्या मुलाला जातीच्या छपराखालून बाहेर काढले, त्यानेच सर्वांचे छप्पर उभारले. महाराजांना जे १८९६ साली साधले नव्हते ते त्यांच्याच आश्रयात वाढलेल्या माणसाने साधले.

वतनाची बेडी

वसतिगृहामुळे थोडी मुले शहरात आली. पण खेड्यातल्या हजारो मुलांचे काय? १९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. जो बाप मुलाला शाळेत पाठविणार नाही त्याला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया म्हणजे गरिबाची कित्येक दिवसांची कमाई. महाराजांना गरिबाचा रुपया नको होता, त्यांना त्याचे मूल शाळेत हवे होते.

पण महाराचे मूल शाळेत यायचे तर आणखी एक बेडी तोडावी लागणार होती. ती म्हणजे महार वतन. वतनाच्या तुकडाभर जमिनीच्या मोबदल्यात सारा महारवाडा गावाला बांधलेला असे. निरोप पोहोचवा, मेलेली जनावरे ओढा, साहेबाच्या घोड्यामागे धावा, लाकडे फोडा, रात्रीअपरात्री हाक आली की उठा. बाप कामाला गेला असेल तर मुलाने जायचे. अशा घरातले मूल शाळेत टिकणार कसे? शिवाय वतन आहे तोवर महारवाडा गावकुसाबाहेर ठरल्या जागी राहणार, हेही ठरलेलेच. १९१८ साली महाराजांनी आपल्या संस्थानातील महार वतन नष्ट करून त्या जमिनी महारांच्या नावे रयतावा केल्या. बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी बिल मांडले ते १९२८ साली, आणि महाराष्ट्रात ही वतने कायद्याने संपली ती १९५८ च्या कायद्याने. यावरून महाराज आपल्या काळाच्या किती पुढे होते ते समजते.

याच वर्षी गुन्हेगार ठरविलेल्या जमातींची रोजची हजेरी त्यांनी बंद केली. फासेपारध्यांसारख्या भटक्या माणसांना त्यांनी सोनतळी येथे राहायला जागा दिली आणि पहाऱ्याचे काम दिले. ज्यांना चोर म्हणून गावात कोणी उभे करीत नव्हते, त्यांच्या हाती राजाने आपली राखण सोपविली. माणसाला घर आणि काम दिले म्हणजे तो माणसासारखा राहतो, ही त्यांची साधी समजूत होती आणि ती खरी ठरली.

१९१९ चे हुकूम

आता आपण त्या मोठ्या हुकुमाकडे येतो. १९१९ च्या जानेवारीत महाराजांनी आपल्या अधिकाऱ्यांना बजावले की दरबारच्या नोकरीत आलेल्या अस्पृश्यांना समतेने आणि ममतेने वागवावे, आणि ज्यांना हे पसंत नसेल त्यांनी सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा. दवाखान्यात अस्पृश्य रोग्याला इतरांसारखेच तपासावे, शाळेत अस्पृश्य मुलाला इतरांसारखेच शिकवावे, असे हुकूम निघाले. सार्वजनिक विहिरी, तळी, धर्मशाळा, सरकारी इमारती सर्वांना मोकळ्या करण्यात आल्या.

आणि ३० सप्टेंबर १९१९ रोजी वेगळ्या शाळा बंद करण्याचा हुकूम निघाला. येत्या दसऱ्यापासून अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा राहणार नाहीत, त्यांची मुले सर्वांच्या शाळेत घेतली जातील आणि शाळेत शिवाशिव पाळली जाणार नाही, असे त्यात ठरविले होते.

या हुकुमाचे मोल नीट समजून घेतले पाहिजे. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा काही वाईट हेतूने निघाल्या नव्हत्या. जेव्हा दुसरे कोणी शिकवायला तयार नव्हते तेव्हा फुल्यांनी पुण्यात महारामांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या आणि अंधारात पहिला दिवा लावला. कोल्हापूर दरबारानेही अशा शाळा वाढविल्या होत्या. मग त्या बंद कशासाठी करायच्या? कारण जे काल औषध होते ते उद्या व्यसन होऊ शकते. वेगळी शाळा चालू राहिली की गावच्या मास्तराला निमित्त मिळते : तुमची शाळा तिकडे आहे, इकडे कशाला येता? आणि रोज वेगळ्या वाटेने जाणाऱ्या मुलाच्या मनात हळूहळू ठसते की आपण वेगळेच आहोत, कमी आहोत.

ही गोष्ट अमेरिकेत पुढे शास्त्रीय रीतीने दाखविण्यात आली. केनेथ क्लार्क आणि मेमी क्लार्क या काळ्या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने लहान मुलांपुढे दोन बाहुल्या ठेवल्या, एक गोरी आणि एक सावळी. चांगली कोणती, असे विचारल्यावर बहुतेक काळ्या मुलांनी गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखविले. तीन-चार वर्षांच्या वयात त्या मुलांनी स्वतःला कमी मानायला सुरुवात केली होती. १९५४ च्या निकालात न्यायालयाने अशा संशोधनाची दखल घेतली. कोल्हापूरच्या राजाजवळ बाहुल्यांचे प्रयोग नव्हते. त्याने मुलांचे चेहरे पाहिले होते.

हुकूम निघाला म्हणजे रातोरात मने बदलली, असे मुळीच नाही. राजा एक आणि गावे शेकडो. पण हुकुमामुळे एक गोष्ट पालटली. पूर्वी मुलाला शाळेत बसवा म्हणून बापाला हात जोडावे लागत होते. आता त्याला बाहेर ठेवणाऱ्या मास्तराला जाब द्यावा लागणार होता. विनंतीचे हक्कात रूपांतर झाले. नागरी हक्क म्हणतात तो हाच.

एक कप चहा

महाराज केवळ कागदावर हुकूम काढून थांबले नाहीत. गंगाराम कांबळे हे महार समाजातील गृहस्थ राजवाड्याच्या पागेत कामाला होते. स्पृश्य नोकरांच्या पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना निर्दयपणे मारहाण झाली. महाराज त्या वेळी बाहेरगावी होते. परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना कडक शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढण्यासाठी पैसे दिले. गंगारामांनी कोल्हापुरात भर रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. पण महाराच्या हातचा चहा पिणार कोण?

तेव्हा महाराज स्वतः गाडीतून तेथे आले, गंगारामांच्या हातचा चहा मागून घेतला आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजला. सांगतात की महाराजांच्या सहीसाठी मागे लागलेल्यांना ते त्या हॉटेलावर बोलावीत आणि आधी चहा, मग सही, असा रिवाज ठेवीत. हसतखेळत चाललेल्या या गोष्टीत मोठा अर्थ आहे. कायदा दार उघडतो, पण उंबरठा कोणी तरी ओलांडावा लागतो. तो पहिला पाय मोठ्या माणसाने टाकला तर मागून येणाऱ्यांची लाज आणि भीती दोन्ही जातात. याच गंगारामांनी महाराजांच्या मृत्यूनंतर पुढाकार घेऊन कोल्हापुरात त्यांचे स्मारक उभारले.

माणगाव

१९१७ साली एक तरुण परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बडोद्यास नोकरीवर रुजू झाला. त्याला त्या शहरात राहायला जागा मिळेना. हिंदूंनी दिली नाही. शेवटी एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव सांगून तो राहिला. जात कळताच लोक काठ्या घेऊन चालून आले आणि त्याला बाहेर काढले. बडोद्याचे राजे सयाजीराव हे मोठे सुधारक, त्यांनीच त्याला अमेरिकेला शिकायला पाठविले होते. पण त्यांच्या राजधानीत त्याला एक खोली मिळू शकली नाही. तो तरुण म्हणजे आपले बाबासाहेब.

पुढे बाबासाहेब मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तेथेही प्राध्यापकांच्या पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी शिवू नये म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. योगायोग असा की ज्या सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे नाव कोल्हापूरच्या अस्पृश्य वसतिगृहाला दिले होते, तेच पुढे लॉर्ड सिडनहॅम झाले आणि या कॉलेजाला त्यांचेच नाव आहे. एका ठिकाणी त्या घराण्याच्या नावाखाली अस्पृश्य मुलाला छप्पर मिळाले आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच नावाखाली अस्पृश्य प्राध्यापकाला पाणी नाकारले गेले. नावात काही नसते, चालविणाऱ्यांच्या मनात असते.

शाहू महाराजांची आणि बाबासाहेबांची ओळख कोल्हापूरचे दत्तोबा पवार यांच्यामुळे झाली. ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक सुरू झाले, त्यासाठी महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष होते बाबासाहेब, वय अवघे अठ्ठावीस. महाराज स्वतः त्या परिषदेला आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, तोच तुमचा उद्धार करील, अशा आशयाचे भाषण करून त्यांनी जमलेल्या बांधवांना बाबासाहेबांच्या हाती सोपविले. राजाने स्वतःच पुढारीपण न घेता ते त्या समाजातून आलेल्या माणसाकडे द्यावे, असे उदाहरण इतिहासात फार विरळा. त्याच वर्षी मे महिन्यात नागपूरच्या अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेचे अध्यक्षपद महाराजांनी भूषविले.

यानंतर महाराजांना फार आयुष्य लाभले नाही. ६ मे १९२२ रोजी मुंबईत खेतवाडीतील पन्हाळा लॉज येथे त्यांचे निधन झाले. वय होते सत्तेचाळीस. अठ्ठावीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी जे केले ते करायला एरवी एक शतक लागले असते.

तीन पायऱ्या

महाराजांच्या जीवनाकडे पाहिले की तीन पायऱ्या दिसतात. पहिली पायरी वेगळ्या छपराची : दुबळ्याला आधी उभे राहायला जागा द्या. दुसरी पायरी एका शाळेची : उभा राहिला की त्याला सर्वांच्या ओळीत बसवा. तिसरी पायरी एका छपराची, एका आळीची : शेजारी शेजारी राहा. पहिल्या दोन पायऱ्या महाराज स्वतः चढले. तिसरीची सुरुवात कर्मवीरांनी केली.

बाबासाहेबांनीही याच वाटेने पावले टाकली. १९२५ साली सोलापुरात बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृह काढले. पुढे १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढले, ते मात्र सर्वांना खुले ठेवले. मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव १९२३ साली मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना मोकळ्या झाल्या. पण तो कागदावरच राहिला, म्हणून १९२७ साली महाडचे चवदार तळे गाठावे लागले. २६ जानेवारी १९५० पासून संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा ठरविणारा कायदा झाला, १९७६ साली त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा असे झाले. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर बांधायला, विकत घ्यायला किंवा त्यात राहायला अडथळा आणणे हाही या कायद्याने गुन्हा आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

अमेरिकेतही तिसरी पायरीच सर्वांत अवघड ठरली. शाळांचा निकाल १९५४ साली लागला, पण घर विकताना किंवा भाड्याने देताना वर्ण पाहू नये असा देशव्यापी कायदा व्हायला १९६८ साल उजाडले, आणि तोही मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर अवघ्या आठवड्यात. आळी वेगळी राहिली की तिथली शाळाही पुन्हा वेगळीच होते, हा धडा त्या देशाने महाग किमतीत घेतला.

आपण मुंबईच्या उपनगरांत राहणारी माणसे हा धडा दुरून वाचत नाही. वरळी, नायगाव, परळच्या चाळींतून आणि गावाकडच्या बौद्धवाड्यांतून आपली कुटुंबे घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीला आली. मुलगा शिकला, नोकरीला लागला, चार पैसे गाठीला आले आणि चांगल्या सोसायटीत जागा पाहायला गेला, की दलाल आधी आडनाव विचारतो. आडनावावरून उमगले नाही तर गाव विचारतो. गावावरून उमगले नाही तर घरात काय शिजते ते विचारतो. मग जागा कालच गेली, असे उत्तर येते. शंभर वर्षांपूर्वीचा कोल्हापूरचा घरमालक ओट्यावर उभा राहून हेच विचारीत होता. ओटा गेला, लिफ्ट आली, प्रश्न तोच राहिला.

अशा वेळी दोन चुका टाळल्या पाहिजेत. एक, आडनाव लपवून घर मिळविणे. बडोद्याची आठवण ठेवा : लपविलेल्या नावावर मिळालेले छप्पर एका रात्रीत डोक्यावरून जाते. दुसरी, आपलीच वस्ती बरी म्हणून तिच्यातच दार लावून बसणे. आपली वस्ती, आपला विहार, आपले वसतिगृह यांचा अभिमान जरूर असावा. पण ती मिस क्लार्क वसतिगृहासारखी असावीत, म्हणजे सकाळी त्यातून मूल सर्वांच्या शाळेकडे निघाले पाहिजे. नाकारले गेल्यास लेखी मागणी करा, साक्षीदार ठेवा, जाणत्या वकिलाचा सल्ला घ्या, कायद्याचे कलम पुढे ठेवा. हात जोडण्याचा काळ महाराजांनी १९१९ सालीच संपविला आहे.

आणि एक प्रश्न आपण स्वतःलाही विचारला पाहिजे. मिस क्लार्क वसतिगृह हे एका जातीचे नव्हते, ते सर्व अस्पृश्यांचे होते. आज आपल्या चाळीत मातंगाचे, चर्मकाराचे, वाल्मीकीचे कुटुंब खोली मागायला आले, तर आपण त्याला काय विचारतो? आडनाव? गाव? आपली मुलगी त्या घरात खेळायला गेली तर आपल्या घरात कोणी कुरकुरते का? दीक्षा घेतल्यावरही जुन्या पोटजातीचा हिशेब मनात चालू असेल, तर आपण कोल्हापूरच्या त्या ओट्यावर उभे आहोत, आणि या वेळी घरमालकाच्या बाजूने.

येत्या २६ जूनला तसबिरीला हार घालाल तेव्हा मुलांना जवळ बसवून ३० सप्टेंबर १९१९ ची गोष्ट सांगा. राजाने कुलूप कशाला लावले आणि दार कशाचे उघडले, ते सांगा. आणि शेजारची खोली रिकामी झाली असेल, तर तिच्यासाठी आलेल्या माणसाला नाव विचारण्याआधी पाणी द्या.